डाव्या बाजूचा मडगार्ड

आमच्या घरात सकाळ व्हायची ती ठोक्यानं. मामा उठला की चूळ भरायच्या आधी ऐरणीवर एक ठोका मारायचा. पत्रा नाही, भांडं नाही, नुसताच ठोका. म्हणायचा, ऐरण जागी झाली की घर जागं होतं. मग चुलीपुढं मामीच्या भाकरीची थापथप सुरू व्हायची, आणि ती थांबली की माजघरातून मालनच्या शिलाई मशीनची खडखड. नवव्या वर्षापासून मी या तीन आवाजांत वाढलो. आता बिबवेवाडीला लेकाच्या फ्लॅटात सकाळी मिक्सर वाजतो आणि खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं. मालन गेल्यापासून मी ते दोन्ही लक्ष देऊन ऐकतो, कारण दुसरं ऐकायला काही उरलेलं नाही. ते असो. रडगाणं लिहायला वही घेतलेली नाही. आयुष्यात एकदा आम्ही असे जिंकलो की त्याची चव अजून तोंडात आहे, ते सांगायला घेतली आहे.

आई गेल्यावर बापानं दुसरी केली, आणि आईच्या भावानं मला गावाहून पुण्यात, कसब्यात आणलं. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं हातोडी. मामाचं घराणं तांब्याची भांडी घडवणारं. पण घरोघर स्टेनलेसची भांडी आली, लग्नात हंडा-कळशी द्यायचं लोकांनी कमी केलं, तशी मामानं भांडी सोडून मोटारींच्या पत्र्याचं काम धरलं. भाऊबंद हसले. मामा म्हणाला, "हंडा काय नि मडगार्ड काय, दोन्ही आतून पोकळ. पोकळ वस्तूला आकार द्यायचं काम आपण आजच करतोय का?" घरामागच्या अंगणात त्यानं छप्पर घातलं, त्याला कारखाना म्हणायला लागला, आणि काम चालू असताना बायकांनी तिथं पाऊल ठेवायचं नाही असा नियम केला. नियम का केला हे त्यालाही माहीत नसावं. त्याच्या बापाचा होता, म्हणून त्याचा.

एकोणिसाव्या वर्षी मामानं मला आपली मुलगी दिली. मामाची मुलगी करायची आमच्यात रीतच आहे. विचारलं कोणी नाही, ना मला ना तिला. मालन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ती मला "अरे दत्ता, बादली आण की" असे हुकूम सोडायची. एकदा पळी फेकून मारली होती, तिची खूण अजून माझ्या कपाळावर आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तीच पोरगी मान खाली घालून म्हणाली, "अहो, पाणी काढलंय." मी मागं वळून बघितलं, कोण पाहुणा आलाय म्हणून. मोठ्यांसमोर तर आम्ही बोलायचोच नाही. ती माजघरात पेठेतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, मी अंगणात पत्रे ठोकायचो, मध्ये एक भिंत. तिच्या मशीनचा वेग ऐकून मला कळायचं की बाईसाहेब खुशीत आहेत का रागात.

अशात डॉक्टरीणबाईंची गाडी आमच्याकडे आली. पेठेतली निम्मी पोरं या बाईंच्या हातावर जन्मलेली. नवरा विलायतेत शिकून आला तेव्हा बोटीनं ही गाडी घेऊन आला होता, आणि दोन वर्षांत माणूस गेला, गाडी राहिली. बाई पांढरं पातळ नेसून ती स्वतः चालवायच्या. गाडी काळीभोर, आणि पुढचे दोन्ही मडगार्ड इतके फुगीर की समोरून गाल फुगवून बसलेली म्हातारी दिसावी. काम काहीच नव्हतं, मागचा बंपर जरा वाकला होता तेवढा सरळ करायचा होता. मामा जेवायला आत गेला आणि मी छपरात एकटा राहिलो. विलायती गाडीत एकदा बसून बघावं म्हणून बसलो. इथपर्यंत कोणाचं काही गेलं नव्हतं. पण पुढं जी काय अवदसा आठवली, मी हँडब्रेक सोडला. अंगण उताराचं. गाडी आवाज न करता निघाली. मी ब्रेक समजून दाबला तो क्लच निघाला, आणि गाडी थांबवली ती फाटकाच्या दगडी खांबानं.

डावा मडगार्ड संपला. ठोकून सरळ करावा म्हणाल तर ते शक्य नव्हतं. आतून तो गंजून पापड झाला होता, वरच्या रंगाच्या जोरावर उभा होता. हातोडी लावली की तुकडा हातात यायचा. मामा उष्ट्या हातानं बाहेर आला. डाव्या हातानं एक माझ्या कानाखाली वाजवली, मग मडगार्डकडे नीट बघितलं आणि दुसरी वाजवली.

संध्याकाळी बाई आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाल्या, "मागचा बंपर सरळ करायला दिला होता. पुढचा मडगार्ड वाकडा करायला सांगितल्याचं मला आठवत नाही."

मामा हात जोडून म्हणाला, "बाई, दुसरा बसवून देतो. अगदी असाच."

"द्या. महिनाभर मी टांग्यानं जाईन. आणि एक लक्षात ठेवा, उजव्या बाजूचा एक स्क्रूही सोडायचा नाही. तुमचा हात लागलेली एक बाजू मला पुरेशी आहे."

त्या गेल्यावर मामानं माझी हातोडी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. मला म्हणाला, "मडगार्ड येईपर्यंत हातोडीला शिवायचं नाही. महिन्यात आला नाही तर बिऱ्हाड उचलायचं आणि मंडईत पाट्या वाहायच्या. तुला पोरगी दिलीय, कारखाना दिलेला नाही." आत मशीनची खडखड मध्येच थांबली. बिऱ्हाड उचलायचं म्हणजे ते तिलाही उचलायचं होतं.

त्या दिवसापासून घरात माझी किंमत काय झाली ती ताटावरून कळायची. पंगतीत मी शेवटी. मामी वाढताना माझ्याकडे बघायची नाही. पिठल्यात सगळ्यांच्या वाटणीची मिरची मला यायची आणि तूप यायचं नाही. पण भाकरी उचलली की खाली गुळाचा खडा असायचा. मी वर बघितलं की मालन चुलीत फुंकर घालत बसलेली. एवढी फुंकर घालायला चूल काही विझलेली नसायची.

मी शोधायला लागलो. कागदावर माप लिहायचं आमच्यात नव्हतं. आम्ही सुतळीनं मापायचो. वस्तूवरून सुतळी फिरवायची आणि जिथं बाक बदलतो तिथं गाठ मारायची. उजवा मडगार्ड जागेवर धड होता, त्याच्यावरून मी सुतळी फिरवली, अकरा गाठी मारल्या आणि ती कमरेला बांधून हिंडलो. जुन्या बाजारात बुधवारी गेलो, रविवारी गेलो. तिथं मोडक्या घड्याळापासून घोड्याच्या नालेपर्यंत सगळं होतं, मडगार्ड नव्हता. कॅम्पात सुट्या भागांचा एक म्हातारा दुकानदार होता. त्यानं गाडीचं नाव ऐकून चष्मा काढला. म्हणाला, "हिचे भाग विलायतेत मिळत नाहीत, आणि तू पुण्यात मागतोस?" बाहेरून मागवायलाही तेव्हा परवानगी मिळत नसे. खडकीला लष्कराचा मोडीत काढलेला माल निघायचा, तिथं ट्रकचे मडगार्ड मिळाले, एकेक माझ्याएवढा. शेवटी आमच्याकडे येणारा एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, कोल्हापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक भंगारवाला आहे, संस्थानिकांच्या जुन्या गाड्या त्याच्याकडे पडलेल्या असतात. मी एसटीत बसलो.

भंगारवाला बाहेरगावी गेला होता. त्याची बायको होती, हातभर हिरव्या बांगड्या आणि तोंडात मिश्री. मी सगळं आवार पालथं घातलं. गाड्यांची हाडं होती, मांस कोणीतरी आधीच नेलं होतं. मग गोठ्याच्या कोपऱ्यात मला एक काळा बाक दिसला. मडगार्ड उताणा पडलेला, निम्मा राखेत रुतलेला, वरपर्यंत भुसकट भरलेलं आणि त्यात एक लाल कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी कमरेची सुतळी सोडली. कोंबडीनं दोनदा टोचलं, पण मी कडेकडेनं सुतळी फिरवलीच. अकराच्या अकरा गाठी जिथल्या तिथं बसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, हा मला पाहिजे."

"न्ये की. पर कोंबडी उठल्यावर."

"कधी उठंल?"

"चार दिस हाइत आजून. आत्ता हलवलंस तर अंडी गार व्हत्यात. तुझ्या मोटारीपायी माझी बारा पिल्लं मारू का?"

मी चार दिवस तिथल्या मारुतीच्या देवळात झोपलो आणि दिवसा त्या कोंबडीवर राखण केली. कावळा आला की मी धावायचो. बदल्यात काय देऊ विचारलं तर मावशीनं पोचा पडलेला हंडा पुढं टाकला. हातोडी शिवायची नाही असा मामाचा हुकूम होता, म्हणून मी वरवंट्याला फडकं बांधून तो पोचा काढला. पाचव्या दिवशी बारातली अकरा पिल्लं निघाली. मावशी म्हणाली, "पायगुणाचा हाइस. न्ये आता."

एसटीच्या टपावर मडगार्ड बांधून मी वाजत-गाजत घरी आलो. म्हणजे वाजत मडगार्डच होता, प्रत्येक खड्ड्याला. फाटकातून ओरडलो, "मामा, मिळाला." मामा आला. मामी दारात आली. मी भुसकट झाडून मडगार्ड गाडीशेजारी सुलटा ठेवला.

मामानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग मामा म्हणाला, "छान आहे. आता जा आणि उजव्या बाजूनं एकदा खांबाला धडक देऊन ये, म्हणजे बसवता येईल."

मडगार्ड उजव्या बाजूचा होता. सुतळीला डावं-उजवं नसतं. पण माणसाला डोळे असतात, आणि चार दिवस मी ते त्या मडगार्डवरच लावून बसलो होतो. उताणा होता, राखेत होता, वर कोंबडी होती, ही सगळी कारणं मी तेव्हाही सांगितली आणि आजही सांगतो, पण खरं कारण म्हणजे मी गाढव. महिन्यातले आठ दिवस राहिले होते. त्या दुपारी मामी माझं ताट वाढायलाच विसरली, आणि मीही आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा छपरात विडी ओढत बसला होता. मी फाटकाच्या पायरीवर बसून मंडईत कोण ओळखीचं आहे याचा विचार करत होतो. मालन वाळत घालायला आली. धुणं घातलं आणि गेली नाही. त्या मडगार्डपुढं उकिडवी बसली, त्याच्या फुगीर गालावर तळहात ठेवला आणि तशीच राहिली. मग उठून आत गेली. परत आली तेव्हा हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा, कात्री, खडू, आणि ओठांत टाचण्या.

मामा म्हणाला, "मालन, कारखाना आहे हा."

ती टाचण्यांमधून म्हणाली, "काम कुठं चालू आहे?"

तिनं मडगार्डवर वर्तमानपत्र पसरलं. सपाट भागावर ते नीट बसलं. दिव्याच्या फुगवट्यावर आलं तशा सुरकुत्या पडल्या. तिनं चिमटीत धरून तिथं टक्स घातले, ब्लाउजला घालतात तसे. समाधान झालं नाही. मान हलवून, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "असं नाही बसायचं. याला कटोरी लागणार." कटोरी ब्लाउज तेव्हा नवीनच निघाला होता, छातीच्या फुगवट्याला वेगळे तुकडे कापून जोडायचे. आम्ही दोघे पुरुष दोन दिशांना बघायला लागलो. मामा खोकला.

एका तासात तिनं मडगार्डचे सहा तुकडे कागदात कापले. चारी बाजूंनी बोटभर माया सोडली, म्हणजे दुमडायला जादा कड. प्रत्येकावर खडूनं खूण केली. मग मला बोलावलं नाही, नुसती मान हलवली. मी जवळ गेलो. म्हणाली, "यावरून पत्रा कापायचा."

मी म्हटलं, "अगं, पण हा उजवा आहे. उजवा आमच्याकडे आहेच. दोन-दोन उजवे घेऊन काय करू?"

"अरे दत्ता, कागद उलटा कर की!"

मामाच्या देखत. तिनं जीभ चावली, पदर सावरला, पण मागं हटली नाही. बापाकडे वळून म्हणाली, "आबा, शिकत होते तेव्हा मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. आठवतंय? आईनं कागद उलटा करून दाखवला. एका बाहीचं माप घेतलं की दुसरीचं मिळतंच. गाडीवरच्या मडगार्डला हात लावायचा नाही म्हणाल्या बाई. हा तर मोकळा आहे, आतून-बाहेरून कसाही मापा. यांनी चुकीचा आणला म्हणून तर जमतंय."

मामानं विडी विझवली. सहाही कागद उचलून त्यानं जमिनीवर उलटे मांडले, एकाला एक लावून. डोकं तिरकं करून बघितलं, मग उकिडवं बसून बघितलं. जमिनीवर डावा मडगार्ड पडला होता, कागदाचा, सपाट. मामा उठला, खिळ्यावरची माझी हातोडी काढली आणि दांडा माझ्याकडे करून म्हणाला, "धर."

पुढचे सहा दिवस त्या छपरात जे झालं ते मी नंतरच्या आयुष्यात पुन्हा बघितलं नाही. पत्रा कापला. सपाट पत्र्याला गाल आणायचे होते, आणि त्यासाठी मामानं आंब्याचा जुना ओंडका माळ्यावरून काढला, ज्याच्या खळग्यात त्याचा बाप हंड्याचे बूड खोल करायचा. मोटारीचं काम करणाऱ्यानं असा ओंडका वापरलेला पुण्यात कोणी ऐकला नव्हता. मी ठोकायचो, मामा पत्रा फिरवायचा, आणि प्रत्येक तुकडा झाला की मालन येऊन त्यावर उलटा कागद धरायची. "इथं सैल आहे." "इथं ओढतंय." आम्ही पुन्हा ठोकायचो. हातोड्या चालू होत्या, ती छपराखाली होती, आणि नियमाचं नाव कोणी काढलं नाही. मामी तर चहा घेऊन थेट ऐरणीपर्यंत आली. चौथ्या दिवशी तुकडे गॅसनं जोडले. पाचव्या दिवशी मामानं सांध्यांवर मठार केला, म्हणजे तांब्याच्या घागरीवर करतात तसे बारीक-बारीक ठोके, ठोक्याला ठोका लावून, सांधा दिसेनासा होईपर्यंत. त्या दिवशी मालनची मशीन आमच्या ठोक्यांच्या तालावर चालत होती. माझ्या कानांनी ऐकलंय.

सहाव्या दिवशी मी कमरेची सुतळी सोडून नव्या मडगार्डवर फिरवली. अकरा गाठी, अकरा बाक. मग तो गाडीला लावला. सात बोल्ट. सहा बसले. सातव्याचं भोक पडायचं तिथं पत्रा जेमतेम. मामाचा चेहरा उतरला. मालन म्हणाली, "मग माया कशाला सोडली मी?" आत दुमडलेली कड उलगडली, तर भोक पाडायला बोटभर पत्रा निघाला. सातवा बोल्ट बसला तेव्हा मामीनं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि रात्रीचं राहू दे म्हणून भर दुपारी पुरण घातलं. माझ्या पोळीवर त्या दिवशी इतकं तूप होतं की ताट कलतं धरावं लागलं.

काळा रंग वाळल्यावर बाई आल्या. पोटावर हात ठेवून पोर आडवं आहे का उभं हे सांगणारी ती बाई. त्यांनी पर्स मामीच्या हातात दिली, डोळे मिटले, आणि एकदम दोन्ही मडगार्डांवर दोन हात फिरवले, पुढून मागं, मागून पुढं. आम्ही चौघे श्वास धरून उभे. मग डोळे उघडून म्हणाल्या, "डावा जरा जास्त गुळगुळीत आहे. तेवढा दोष चालवून घेईन." पुण्यात याहून मोठं बक्षीस नसतं. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "कोणी केला?"

मामानं आयुष्यात कोणाला बरं म्हटलं नव्हतं. तो टोपी सारखी करत म्हणाला, "मुलीनं बेतला, जावयानं ठोकला. मी नुसता खोकलो."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः उचलून मालनची मशीन छपराखाली, ऐरणीच्या बाजूला आणून ठेवली. भिंत गेली. पुढं किती गाड्यांना आम्ही गाल, दारं, टपाचे तुकडे करून दिले त्याची मोजदाद नाही. मुंबईहून, नाशिकहून लोक यायचे. एक बाजू आणा, दुसरी करून देतो, असं सांगायचो आम्ही. ती कागद कापायची, मी ठोकायचो. सगळ्यांसमोर ती मला अहोच म्हणायची. पण मी कुठं अडलो, की माझ्या मागं येऊन हळूच, माझ्यापुरतं, "अरे दत्ता" म्हणायची, आणि मला कळायचं की आता सुटणार.

गेल्या श्रावणात ती गेली. दिवस झाल्यावर सुनेनं तिची ट्रंक उघडली. आत ब्लाउजांच्या कागदांच्या गुंडाळ्या, सुतळीनं बांधलेल्या, प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचं नाव. त्यातल्या बहुतेक बायका आता नाहीत. तळाशी एक जाड गुंडाळी निघाली. मी गाठ सोडली, वर्तमानपत्राचे सहा तुकडे, पिवळे, कडांना चुरा होणारे. खडू पुसून गेलाय, पण शाईचं राहिलंय. गिऱ्हाइकाच्या जागी तिनं लिहिलंय, "दत्ता. डावी बाजू."

सून म्हणाली, "अण्णा, ती गाडी तर कधीच मोडीत गेली ना? टाकून देऊ?"

म्हटलं, "ठेव. माझ्या हाताचा भरवसा नाही, पुन्हा ठोकली तर लागेल."